ऑफ्रेड कोरडी आहे का? (सोसायटी वाचनकट्टा ग्रुप)

बी-३०२ काकू: मार्गारेट ॲटवुडची कादंबरी 'द हँडमेड्स टेल' काल रात्री संपवली. ज्यांनी सुचवली त्यांचे आभार, पण गोष्ट सांगणारी ऑफ्रेड, म्हणजे सत्ताधाऱ्याच्या घरी त्याचं मूल जन्माला घालायला सक्तीने ठेवलेली 'हँडमेड', मला भिडली नाही. नोकरी गेली, नवरा गेला, पाच वर्षांची पोर हातातून ओढून नेली, आणि ही बाई छताचं न् पडद्यांचं वर्णन करत बसते. आईच्या पोटात काही तुटतं की नाही?

सी-१०४: काकूंशी सहमत. त्यापेक्षा तिची मैत्रीण मॉयरा जिवंत वाटते, निदान पळून तरी जाते. दुसरी हँडमेड ऑफग्लेन सांगते, ज्याच्या घरी आहेस त्या कमांडरची माहिती काढ, तर ऑफ्रेड टाळते. कमांडरचा ड्रायव्हर निक भेटल्यावर तर तिला तिथून सुटायचंही नसतं! तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं, दोन दिवस हात लावला नाही.

डी-४०२ काका: ॲटवुडने हे १९८४ साली पश्चिम बर्लिनमध्ये लिहायला घेतलं, भिंत उभी असताना. जगात कुठे ना कुठे घडून गेलेलंच घालायचं, असा तिचा नियम होता. रुमानियात १९६६ पासून गर्भपातावर बंदी होतीच. म्हणून सूर साक्षीदाराचा आहे. साक्ष देणारा माणूस तपशील धरून बोलतो.

ए-५०१ मावशी: जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या. मी एकवीस वर्षं महिला समुपदेशन केंद्रात काम केलं. बाई पहिल्या भेटीत मार सांगत नाही. गॅसचं पुस्तक कुणाच्या नावावर आहे ते सांगते, धाकट्याचा दाखला सासरीच राहिलाय हे सांगते. आवाज अगदी सपाट. नव्याने आलेल्या मुली मला विचारायच्या, हिला खरंच त्रास झालाय ना? चौथ्या-पाचव्या भेटीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती एक वाक्य बोलायची. तेवढंच.
म्हणून लोण्याचा प्रसंग परत वाचा. हँडमेडना क्रीम लावायची बंदी, तर ही जेवणातलं लोणी बुटात लपवते आणि रात्री तोंडाला, हाताला चोळते. कातडी मऊ राहिली तर एक दिवस आपण इथून सुटू, आपल्याला कुणीतरी मायेने हात लावेल, एवढ्या आशेवर. मला त्या पानावर रडू आलं.

बी-३०२ काकू: मावशी, तुमच्या बायका तुमच्यासमोर बसलेल्या होत्या. मी पानावर वाचतेय. मला पानावरच दिसायला हवं.

ए-५०१ मावशी: मान्य. मग तिच्या नवऱ्याचं, ल्यूकचं पाहा. तो गोळी लागून पडलाय, तो तुरुंगात आहे, तो निसटलाय. तिन्ही गोष्टी ती एकाच वेळी खऱ्या मानते, कारण एक सोडली तरी ती कोसळेल. आणि कमांडरची बायको सेरेना जॉय मुलीचा फोटो दाखवते तेव्हा? पोर उंच झालीय, पांढऱ्या झग्यात आहे, आणि आईला कळतं की हिच्या लेखी आपण पुसले गेलो.

ए-२०३: मी अजून अर्ध्यातच आहे, पण नावापाशी अडकले. ऑफ्रेड म्हणजे 'ऑफ फ्रेड', त्या कमांडर फ्रेडची. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. सगळे हसत होते, मीही हसले. काल एकदम ते तांदूळ डोळ्यांसमोर आले.

सी-१०४: पण मावशी, निकचं काय?

ए-५०१ मावशी: तुझा राग मला पटतो रे. तिलाही पटला असता. ती स्वतःच म्हणते की ही गोष्ट वेगळी असती, तिच्यात मी जास्त धीट दिसले असते तर बरं झालं असतं. तरी तिने ते लपवलं नाही, कॅसेटमध्ये बोलून ठेवलं. माझ्यासमोर बसलेल्यांतल्याही काही जणी परत त्याच घरी गेल्या. त्यांना भावना नव्हत्या असं मी कधीच म्हणणार नाही.

बी-३०२ काकू: फोटोचं पान परत वाचलं. तिथे गलबललं, खरंच. पण मला त्या आईचा संताप हवा होता, तो अजून सापडला नाही. ए-२०३, तुझं वाचून झालं की सांग, तुला तो कुठे दिसला का.