बालसंरक्षणाचा तिमाही आढावा लोकांसमोर का मांडू नये?

करवीरची मास्तरीण

गेल्या हंगामात शाळेजवळच्या वीटभट्टीवर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी दिवसभर कच्च्या विटा उलटताना दिसायची. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला. माणसं आली, तिला घेऊन गेली, 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचं पुढं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, उभी केली. मनात म्हटलं, यंत्रणा चालते की!

यंदा दिवाळीनंतर तीच मुलगी दुसऱ्या भट्टीवर. आता कडेवर भाऊही. मधल्या काळात काय झालं ते विचारायला गेले, तर एका टेबलावर उत्तर मिळालं, "पालकांच्या ताब्यात दिली. प्रकरण निकाली."

बाल न्याय अधिनियम 2015, कलम 36 वाचून काढलं. चौकशी चार महिन्यांत संपवायची. किती प्रकरणं निकाली, किती प्रलंबित, याचा समितीचा अहवाल दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे, ते आढावा घेणार. प्रलंबित प्रकरणं वाढली तर ते सूचना देणार, त्यानंतरही तीन महिने तसंच राहिलं तर राज्य सरकार समितीच बरखास्त करणार. म्हणजे सगळा धाक 'प्रलंबित' या एका रकान्याचा. माझी मुलगी मात्र यशाच्या रकान्यात बसली.

माझं म्हणणं एवढंच, की हा आढावा दर तिमाहीला जाहीर करावा. नावं नकोत. घरी पाठवलेल्या मुलांकडे नंतर किती वेळा कोणी गेलं आणि त्यातली किती परत आली, हे दोन आकडे तरी द्या. शाहू महाराजांनी 1917 साली शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. पोर वर्गात बसलंय का, हे बघायचे. पटावर नाव चढवलं आणि झालं, असं नव्हतं.

माजी समुपदेशक

मॅडम, तळमळ कळते, पण मागणी धोक्याची आहे. मी काही वर्षं या कामात कंत्राटावर होतो. 12 तालुक्यांचा कोल्हापूर जिल्हा, गृहचौकशीला जायचं तर एसटीनं चंदगड, आणि परतल्यावर तोच अहवाल तीन नमुन्यांत भरायचा.

'परत आलेली मुलं' हा आकडा फलकावर लावा, काय होईल सांगतो. परत आलेलं मूल परत आलं असं कोणी लिहिणारच नाही. किंवा त्याहून वाईट, मुलाला घरी पाठवायलाच कचरतील. बालगृहात ठेवलं की आकडा झकास. कायदा म्हणतो संस्था हा शेवटचा पर्याय, तुमचा फलक तिला पहिला पर्याय करेल. आणि मूल परत आलं म्हणजे काम फसलंच, असंही नाही. कधीकधी कोणीतरी नीट लक्ष ठेवून होतं म्हणूनच ते दुसऱ्यांदा सापडतं.

तांबडा_पांढरा

मग काय, मोजायचंच न्हाई व्हय? आकडा दाखवला की माणसं खोटं लिवत्यात, म्हणून आकडाच झाकायचा! दूध संघात फॅट लावत्यात तर पाणी घालणारा घालतोयच की, म्हणून कोण फॅट मोजायचं बंद करतंय काय भावा?

माजी समुपदेशक

दुधाला घरी परत पाठवायचा निर्णय घ्यावा लागत नाही हो.

वकील, पन्हाळा

दोघांनीही त्याच कायद्याचं कलम 74 लक्षात ठेवा. मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव छापलं नाही म्हणजे सुटलो असं नाही. गगनबावड्यासारख्या छोट्या तालुक्यात 'मुलगी, 13 वर्षे, घरी परत' एवढं लिहिलं तरी बाजाराच्या दिवशी सगळ्यांना कळतं कोणती ते. तेव्हा आकडे द्यायचेच तर जिल्ह्याचे, तालुकानिहाय नकोत.

पण मास्तरीणबाईंनी जे बोट ठेवलंय ती जागा बरोबर आहे. कलम 54 नुसार तपासणी समिती आहे. किमान तीन माणसं, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. तीन महिन्यांतून एकदा तरी भेट, आठवड्याच्या आत अहवाल. ही समिती जाते कुठे, तर बालगृहात, निरीक्षणगृहात, म्हणजे संस्थांमध्ये. घरी पाठवलेलं मूल तिच्या वाटेवर येतच नाही. ज्या मुलांसाठी कायद्याला सर्वांत जास्त आशा, त्यांच्याकडेच सर्वांत कमी डोळे. गावात म्हणायला ग्राम बाल संरक्षण समिती आहे. पण तिचं काय चालतं ते गावातल्याच कोणीतरी सांगावं.

गडहिंग्लजची सेविका

मी सांगते. ती समिती माझ्या कपाटात आहे.

हसू नका. सरपंच अध्यक्ष, मी सचिव. इतिवृत्त मी लिहिते, आणि सरपंच ज्या दिवशी दुसऱ्या कामाला पंचायतीत सापडतील त्या दिवशी सह्या घेते. विषय नेहमीचेच, बालविवाह रोखणे, शाळाबाह्य मुले, 'चर्चा झाली'. अंगणवाडीचा आहार, वजन-उंची, मोबाइलवरची माहिती हे सगळं करून जे उरेल त्यात हे. कोणी वरून येऊन वही बघितली तर पानं भरलेली आहेत का, एवढंच बघतात. एकदाही कोणी विचारलं नाही की बाई, मागच्या बैठकीत ज्या पोराचं लिहिलंय ते आज कुठं आहे.

आणि खरी गोम पुढं आहे. भट्टी गावठाणाबाहेर, कामगार परगावचे. ऊसतोडीचं तेच. बीडकडच्या टोळ्या कारखाने पेटले की येतात, पट्टा पडला की जातात. त्यांची पोरं ना माझ्या वहीत, ना त्यांच्या गावच्या. जे पोर कोणाच्याच वहीत नाही त्याचा आढावा कलेक्टरसाहेब तरी कशाचा घेणार?

लेस्टरवासी (मूळ राजारामपुरी)

इकडचा, इंग्लंडचा अनुभव सांगतो, उपयोगी पडला तर बघा. लंडनमधल्या हॅरिंगे भागात 2007 च्या ऑगस्टमध्ये 17 महिन्यांचं एक बाळ घरातल्या छळानं गेलं. 'बेबी पी' म्हणून ते प्रकरण देशभर गाजलं. डॉक्टर, पोलीस, समाजसेवक यांनी त्याला साठेक वेळा पाहिलं होतं. त्याच वर्षी ऑफस्टेड या तपासणी संस्थेनं तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, बालसेवेला 'चांगली' असा शेरा दिला होता. पुढच्या वर्षी प्रकरण पेटल्यावर त्याच सेवेला 'अपुरी' ठरवलं.

नंतर आयलीन मन्रो या प्राध्यापिकेनं सरकारसाठी आढावा घेतला, 2011 मध्ये अंतिम अहवाल दिला. मुलाच्या परिस्थितीचं मूल्यमापन कामकाजाच्या 10 दिवसांत, 35 दिवसांत अशा ज्या मुदती होत्या त्या काढा, असं त्यांनी सुचवलं. माणसं मुदत पाळण्यात गुंततात आणि मुलाशी बोलणं राहून जातं. म्हणून मी समुपदेशकांच्या बाजूचा. मुदती आणि तक्ते वाढवले म्हणजे मूल सुरक्षित होत नाही.

करवीरची मास्तरीण

पण तुमच्याकडे तो शेरा चुकीचा होता हे लोकांना कळलं, कारण तो जाहीर होता! आमच्याकडे शेरा काय आहे तेच माहीत नाही, तर चुकीचा ठरवायचा कसा?

बिहारचं मुझफ्फरपूर आठवा. अधिकाऱ्यांच्या भेटी तिथेही होत होत्याच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या लोकांनी बालगृहांचं सामाजिक अंकेक्षण केलं, 2018 मध्ये अहवाल दिला, तेव्हा मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. बाहेरची माणसं मुलींशी बोलली, हा फरक. आपल्या कायद्यातही कलम 55 खाली त्रयस्थाकडून मूल्यमापनाची सोय आहे.

माजी समुपदेशक

हे मान्य. म्हणून मी म्हणेन, तिमाहीला चिठ्ठ्या टाकून दहा फायली काढा. निकाली निघालेल्यांतल्याच. आणि त्या दहा मुलांच्या घरी बाहेरचं कोणीतरी जाऊन बसू दे. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत तक्त्याऐवजी त्या दहा मुलांची हकीकत वाचा. पण ते बंद दाराआड. फलकावर नाही.

तांबडा_पांढरा

दार बंद केलं की आत च्या-बिस्किटं हुत्यात. आमाला म्हाईत हाय.

वकील, पन्हाळा

हकीकत आत, दहापैकी किती घरांत मूल सापडलं तो आकडा बाहेर. कलम 74 ला त्यात बाधा येऊ नये, माझ्या वाचनाप्रमाणे.

माजी समुपदेशक

दहातली चार सापडली नाहीत, असं छापून आलं की दुसऱ्या दिवशी नोकरी जाणार ती माझ्यासारख्या कंत्राटी माणसाची. रिकामी पदं का भरली नाहीत, हे कोणी विचारत नाही. तो आकडाही त्याच फलकावर लावणार असाल तर बोलू.

करवीरची मास्तरीण

लावू की. माझी काही हरकत नाही.

गडहिंग्लजची सेविका

ते सगळं होईल तेव्हा होईल. मॅडम, त्या मुलीसाठी यंदा परत फोन केलात का?

करवीरची मास्तरीण

केला, काल सकाळी. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. आधीचा काही तक्रार क्रमांक आहे का, असं विचारलं. मला कोणी दिलाच नव्हता.

माजी समुपदेशक

मग ती नवीन मूल म्हणूनच नोंदली जाण्याची शक्यता जास्त. आज वेळ असेल तर समितीच्या नावे लेखी अर्ज द्या, गेल्या वर्षीची तारीख आणि भट्टीचं ठिकाण घालून. एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. दोन्हीकडून पोच घ्या, शिक्क्यासकट.