मदत हवी आहे: आयची एच९ए हिरवं की नारिंगी?

चिकटपट्टी:
आयची एच९ए या दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विमानाचं मॉडेल रंगवायला घेतलंय आणि रंगापाशी अडलोय. कुणी हिरवं दाखवतं, कुणी नारिंगी. जुने फोटो सगळे कृष्णधवल. शनिवारी द्यायचंय. नक्की काय ते सांगा.

दर्यावर्दी:
स्केल? कुठल्या सालचं? आणि तुम्ही एमिली तर म्हणत नाही ना?

चिकटपट्टी:
नाही हो! एमिलीला चार इंजिनं, याला दोन. १/७२. स्केलचा रंगाशी काय संबंध?

काकडआरती:
एमिली म्हणजे कावानिशी एच८के. तिच्यावर जाणाऱ्यांना शिकवायला आयचीने ही फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, बनवली. पहिलं उड्डाण १९४० साली, एकूण ३१ बनली. दोस्तराष्ट्रांना बरेच दिवस पत्ताच नव्हता, म्हणून त्यांनी दिलेलं 'एमिली'सारखं टोपणनावही नाही.

चिकटपट्टी:
हे वाचलंय मी. रंग??

रंगारी:
नारिंगी. जपानी नौदलाची सरावाची विमानं नारिंगीच असायची. के५वाय या सरावाच्या विमानाला त्यावरूनच 'आकातोम्बो' म्हणायचे, लाल चतुर. आधी पांढरा प्रायमर मारा, राखाडीवर नारिंगी मातकट होतो.

दर्यावर्दी:
सरसकट नारिंगी कसं? एच९एपैकी काही पाणबुड्यांच्या शोधात गस्तीवर जायची. तिथे नारिंगी विमान कोण पाठवेल? पुढे पुढे तर सरावाच्या विमानांनाही वरून हिरवं फासलं. म्हणून साल विचारतोय.

रंगारी:
फोटोत गडद दिसतं म्हणून हिरवं समजू नका. त्या काळच्या बऱ्याच फिल्मवर नारिंगी काळपटच यायचा.

दर्यावर्दी:
फोटोचं नावही काढलं नाही मी.

खाडीकिनारा:
१९४२ मध्ये जपान्यांच्या कावानिशी फ्लाइंग बोटी आपल्या पोर्ट ब्लेअरलाही होत्या. तीच कावानिशी आज शिनमायवा. त्यांचं यूएस-२ विमान आपण घेणार होतो, वर्षानुवर्षं बोलणीच चालली. कुणाला ताजी खबर?

चिकटपट्टी:
त्याला वेगळा धागा काढा ना राव. माझं १९४२ चं, सरावातलं. मग नारिंगी ना?

दर्यावर्दी:
हो, मग नारिंगी. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

रंगारी:
पंख शेवटी लावा. तो बोटीच्या वर दांड्यांवर उभा असतो, एकदा बसवला की मधे हात जात नाही.

चिकटपट्टी:
ब्रशने जमेल का? एअरब्रश नाहीये.

काकडआरती:
मी तर सगळं स्प्रे कॅनने करतो. गच्चीत, वारा पडला की.

रंगारी:
स्प्रे कॅनने १/७२ च्या दांड्या? थर बसून जाड होतील. ब्रशच बरा, पण रंग पातळ करून तीन हात द्या.