अंगठी लाल कावून?

आत्या: जावयाच्या अंगठीचा फोटो टाकला पाहा सगळ्यांनी. आईच्या बांगडीतलं ५ ग्राम मोडलं, २२ कॅरेटचं, अन् हे पाहा कसं लाल निघालं. सोनारानं तांबं मिसळवलं न? रातभर झोप नाई मले

बाळूकाका: ताई बिल टाक

पिंकी: आत्या थे रोज गोल्ड आहे, त्यात तांबं असतेच, त्याच्यानंच गुलाबी दिसते. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं, बाकी बहुतेक तांबं अन् थोडीशी चांदी. रंगात फसवणूक नाई

लहानी काकू: आईंची बांगडी मोडली?? कोनाले इचारून? दिवाळीत काय ठरलं होतं

आत्या: वहिनी माह्या वाट्याची होती थे. जावयासमोर नका काढू हे, थो बी आहे ग्रुपवर

मोठेबाबा: शुभ सकाळ 🌹🙏

पिंट्या: पिंके मंग माही व्हाइट गोल्डची कावून पिवळी पडून रायली? अन् बोटाले खाज सुटते थे वेगळंच

पिंकी: वरून रोडियम नावाच्या पांढऱ्या धातूचा मुलामा असते दादा, थो घासल्या गेला, पुन्हा चढवता येते. खाज निकेलनं येऊ शकते, मिश्रणात निकेल आहे का इचार. निकेलऐवजी पॅलॅडियम धातूवाली घ्याची होती

पिंट्या: जांभळं बी सोनं असते म्हणे, पुढच्या वेळी वांग्याच्या रंगाची करतो 😂

पिंकी: असते न, अल्युमिनियम मिसळवून. पण ठोकलं की फुटते, म्हणून खड्यासारखं बसवतात

बाळूकाका: बिल!! कवाचं म्हणून रायलो

आत्या: घे बाप्पा. मोड ५ ग्राम, अंगठी ५ ग्राम, घडणावळ वेगळी दिली. बराबरीत केलं म्हणे

पिंकी: थांबा. आत्या गडबड इथं आहे. तुमच्या ५ ग्रामात शुद्ध सोनं ४.५८ होतं, ह्या अंगठीत १८ कॅरेटच्या हिशोबानं ३.७५ च आहे. ०.८३ ग्राम कुठं गेलं? तूट धरली तरी एवढी नाई होत अन् घडणावळ त वेगळी घेतलीच

लहानी काकू: अन् थे सोनं आईंचं

बाळूकाका: अंगठीच्या आतून पाह्य, ७५० म्हणजे १८ कॅरेट लिवलं आहे का. बाजूले एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर असते, थो बीआयएस केअर अॅपमध्ये टाक

आत्या: ७५० आहे. अॅपमध्ये बी आलं, १८ कॅरेटच

बाळूकाका: मंग अंगठी खरी आहे, हिशोब खोटा आहे. उद्या १० वाजता गाडी घेऊन येतो, बिल अन् अंगठी सोबत ठेव. पिंके तू बी चाल, हे आकडे मले नाई सांगता येत. वहिनी याचं असन त या, पण बांगडीचं तिथं काढू नका