सिंचन घोटाळ्यावरील वाहिन्यांच्या चर्चेत सिंचन कुठे आहे?

वैनगंगाकाठ (प्रश्न)

महाराष्ट्रातील सिंचन घोटाळ्यावर मराठी वृत्तवाहिन्यांवर झालेल्या चर्चांची जी मुद्रणे आंतरजालावर सापडली, ती मी अलीकडे ओळीने पाहिली. २०१२ मधील उपमुख्यमंत्री आणि माजी जलसंपदा मंत्री अजित पवार यांचा राजीनामा, २०१४ मधील या घोटाळ्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीचा अहवाल, नोव्हेंबर २०१९ मधील पहाटेचा शपथविधी आणि जुलै २०२३ मधील राष्ट्रवादी काँग्रेसची फूट अशा चार प्रसंगांच्या चर्चा त्यांत होत्या. चारही वेळी राजकीय विश्लेषकांनी जवळपास एकाच प्रश्नावर डोके चालवले आहे: आता हे कोणाबरोबर जातील? राजीनाम्यामागे काका शरद पवार यांची संमती होती की नव्हती, आमदार कोणाच्या बाजूने आहेत आणि मुख्यमंत्र्यांनी मित्रपक्षाला कसे खिंडीत गाठले, यावर तासन्‌तास बोलले गेले. परंतु धरणाची किंमत नेमकी कोणत्या टेबलावर, कोणत्या कागदाने आणि कोणत्या कारणाने वाढली, हे मी पाहिलेल्या एकाही चर्चेत मला ऐकायला मिळाले नाही.

मी वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या परिसरातील आहे. या प्रकल्पाची मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती, एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले, भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन त्यातून भिजायची होती आणि पुढे खर्च काही हजार कोटींवर गेला. ज्या प्रकल्पामुळे हा सारा विषय न्यायालयापर्यंत पोहोचला, त्याचे नाव चर्चेत एखाददुसऱ्या वेळी येते आणि लगेच गाडी पुन्हा पक्षांतर्गत बेरजांवर येते, याचा मला मनापासून संताप येतो.

त्याहून अधिक त्रास ७० हजार कोटी या आकड्याचा होतो. हा आकडा दहा वर्षांत सिंचनावर झालेला एकूण खर्च म्हणून पुढे आला होता. पडद्यावर मात्र तो ‘७० हजार कोटींचा घोटाळा’ असा झळकू लागला आणि समोर बसलेल्या जाणकारांनी तो एकदाही दुरुस्त केला नाही. जून २०२३ मध्ये भोपाळच्या भाषणात पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला आणि त्यात सहकारी बँकेपासून खाणकामापर्यंतची प्रकरणेही मोजली, तेव्हा तोच आकडा आता वेगळ्याच बेरजेला लावला जात आहे, एवढे तरी कोणी सांगायला हवे होते. पुढच्या काही दिवसांत त्याच पक्षाचा एक गट सरकारमध्ये गेला आणि आकडा बाजूला पडला.

माझे दोन प्रश्न आहेत. हे विश्लेषक मूळ विषय समजावून सांगत नाहीत, याचे कारण त्यांना तो ठाऊक नाही हे आहे की तो सांगण्याची त्यांना गरज वाटत नाही? आणि ज्याला हे प्रकरण खरोखर समजून घ्यायचे आहे, त्याने कुठून सुरुवात करावी?

निवृत्त अभियंता

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तरही त्यातच आहे. जलसंपदा विभागात ज्याला आम्ही सर्व जण ‘सुप्रमा’ म्हणतो, ती सुधारित प्रशासकीय मान्यता समजली की या प्रकरणाचा निम्मा भाग समजतो. प्रकल्पाला आधी मूळ प्रशासकीय मान्यता मिळते. पुढे दरसूची, म्हणजे साहित्य आणि मजुरीच्या सरकारी दरांची यादी, बदलते, भूसंपादनाचा मोबदला वाढतो, पुनर्वसनाचे निकष बदलतात, सर्वेक्षणात न दिसलेला खडक किंवा पोकळ जमीन खोदताना लागते आणि म्हणून खर्च नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. ही वाढ नेहमीच गैर असते असे नाही, आणि हे न सांगता फक्त ‘किंमत इतक्या पटींनी वाढली’ असे ओरडणे प्रामाणिक अधिकाऱ्यांवरही अन्याय करणारे आहे. प्रश्न तिथे सुरू होतो, जिथे वाढ दरसूचीने किंवा भूसंपादनाने स्पष्ट होत नाही, व्याप्ती आधी वाढवून मान्यता नंतर घेतली जाते, निविदा पूर्वअर्हतेच्या, म्हणजे बोली लावण्याआधीच्या पात्रतेच्या, अटींनी मोजक्या ठेकेदारांपुरती अरुंद होते आणि काम सुरू होण्यापूर्वीच ठेकेदाराला अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला जातो.

विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळात २००९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत ३८ प्रकल्पांच्या किमती सुमारे ६,७०० कोटींवरून सुमारे २६,७०० कोटींवर नेण्यात आल्या, हा या प्रकरणाचा गाभा आहे. ज्या विश्लेषकाला विषय समजावायचा आहे, त्याने या ३८ पैकी एक प्रकल्प घ्यावा, त्याची वाढ कारणांनुसार फळ्यावर मांडावी आणि कोणती रक्कम पटते व कोणती पटत नाही हे सांगावे. दहा मिनिटे पुरतात. विजय पांढरे हे मुख्य अभियंता सेवेत असतानाच २०१२ मध्ये राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून कामाचा दर्जा, फुगवलेली अंदाजपत्रके आणि बंद पडलेल्या उपसा सिंचन योजना यांविषयी नेमकेपणाने बोलले होते. त्यांना पडद्यावर बोलावले गेले, हे खरे आहे. परंतु त्यांच्यापुढे पहिला प्रश्न ‘तुमच्यामागे कोण आहे’ असा ठेवायचा आणि त्यांनी उपसा सिंचनाचे गणित सांगायला सुरुवात केली की पक्षप्रवक्त्याकडे वळायचे, हे मी स्वतः पाहिले आहे आणि ते पाहताना मला फार वाईट वाटले.

‘दहा वर्षांत ७० हजार कोटी खर्चूनही सिंचन फक्त ०.१ टक्क्याने वाढले’ या आरोपाबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात एकूण पिकाखालील क्षेत्राशी एकूण सिंचित क्षेत्राचे प्रमाण दशकभरात १७.८ वरून १७.९ टक्के झाल्याचे दिसत होते. त्या प्रमाणात विहिरींचे पाणीही धरलेले असते आणि ते पाऊसमानानुसार वरखाली होते. धरण बांधून निर्माण झालेली सिंचनक्षमता ही वेगळी गोष्ट आहे आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र ही तिसरी. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेने सिंचित क्षेत्रातील वाढ पाच टक्क्यांहून अधिक असल्याचे मांडले, तेव्हा एका बाजूच्या विश्लेषकांनी ‘सरकारने खोटे सांगितले’ आणि दुसऱ्या बाजूच्यांनी ‘आरोप खोटे ठरले’ असे जाहीर केले. दोन आकडे कशाचे आहेत आणि ते कोणत्या विभागाने मोजले, हे विचारायला कोणालाही सवड झाली नाही. पुढे अनेक वर्षे आर्थिक पाहणीतील सिंचित क्षेत्राच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे छापले गेले. माझ्या दृष्टीने ही स्वतंत्र चर्चेला पात्र असलेली गंभीर बातमी होती.

बातमीचा कक्ष

मी काही वर्षे वृत्तवाहिनीत पडद्यामागे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो. चर्चेचे पाहुणे दुपारी ठरतात आणि संध्याकाळी प्रसारण असते. फोनच्या यादीत पक्षप्रवक्ते, ज्येष्ठ पत्रकार आणि निवडणुकांचे अभ्यासक असतात. सिंचनाचा जाणकार त्या यादीत नसतो आणि असला तरी तो छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिकला असल्याने स्टुडिओत येऊ शकत नाही. जो विश्लेषक येतो त्याला त्या आठवड्यात साखर, आरक्षण, परीक्षांतील गैरव्यवहार आणि महापालिका अशा सगळ्यांवर बोलायचे असते. या सर्वांत समान असलेला एकच विषय त्याला येतो, तो म्हणजे सत्तेचे गणित, आणि म्हणून तो प्रत्येक प्रकरण त्या गणितात नेऊन ठेवतो. त्यात वाईट हेतू असतोच असे मी म्हणणार नाही, परंतु परिणाम आपण वर्णन केला आहे तसाच होतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या वेळच्या विरोधी पक्षाच्या नेत्यांनी चितळे समितीकडे हजारो पानांची कागदपत्रे बैलगाडीतून नेली. बैलगाडीचे चित्र दिवसभर चालले. त्या पानांत काय आहे, हे पाहण्यासाठी कोणाला पाठवावे, असा प्रश्न कक्षात उपस्थित झाला असता तर उत्तर देणारे मनुष्यबळच नव्हते, ही वस्तुस्थिती आहे. वृत्तपत्रांत मात्र जिल्हा पातळीवरच्या बातमीदारांनी या विषयावर चांगले काम केले होते, आणि विश्लेषकांनी किमान ते वाचून यायला हवे होते.

पुणेकर वाचक

मला येथे थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. वाहिन्यांनी तो विषय रोज लावून धरला नसता तर २५ सप्टेंबर २०१२ चा राजीनामा, श्वेतपत्रिका आणि चौकशी समिती यांपैकी काही घडले असते का? सामान्य प्रेक्षकाला सुप्रमा कळली नाही तरी काहीतरी गंभीर चुकले आहे, हे त्याला कळले, आणि लोकशाहीत या दबावाला किंमत आहे. सत्तेचे गणितही निव्वळ गप्पाटप्पा नव्हे. ज्या आघाडीत अर्थ आणि जलसंपदा ही खाती एकाच पक्षाकडे असतात, तिथे मंजुऱ्या कशा होतात हे समजण्यासाठी ते लागतेच.

वैनगंगाकाठ

दबावाविषयीचे आपले म्हणणे मी मान्य करतो, परंतु तो किती टिकला तेही पाहावे. राजीनामा सप्टेंबरच्या अखेरीस झाला आणि ७ डिसेंबर २०१२ ला तेच उपमुख्यमंत्री पुन्हा पदावर आले. मंत्री परतल्यावर चर्चा थांबली, कारण चर्चा मंत्र्याच्या जाण्यायेण्याची होती. ती कालव्याच्या अस्तरीकरणाची असती तर थांबण्याचे कारण नव्हते, कारण अस्तरीकरण तेव्हाही फुटलेले होते. आघाडीतील खातेवाटपाचा जो धागा आपण सांगितला, तो खरोखर मंजुऱ्यांपर्यंत नेला असता तर मला तक्रार नव्हती. मी पाहिलेल्या चर्चांत तो पुढच्या निवडणुकीपर्यंतच नेला गेला.

खंडपीठ

मी नागपूरला वकिली करतो. या प्रकरणात मी कोणत्याही पक्षातर्फे उभा नाही, मात्र सुनावण्या लक्षपूर्वक पाहिल्या आहेत. जनमंच या संस्थेने २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली आणि त्यानंतर जे घडले त्याचे वार्तांकन मला सर्वांत निराशाजनक वाटते.

२५ नोव्हेंबर २०१९ ला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नऊ निविदांच्या चौकश्या बंद केल्या. दोनच दिवसांपूर्वी शपथविधी झालेला असल्याने सर्व वाहिन्यांवर तासाभरात ‘क्लीन चिट’ झळकली आणि विश्लेषक सौद्याची चर्चा करू लागले. विभागाने त्याच दिवशी स्पष्ट केले की या नऊ चौकश्या अजित पवार यांच्याशी संबंधित नाहीत. ते स्पष्टीकरण चर्चेच्या तळाशी पट्टीत गेले. प्रत्यक्षात अधिक महत्त्वाचा कागद त्यानंतर आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच विभागाने न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन, शासन कार्यनियमावलीनुसार खात्याच्या कारभाराची जबाबदारी मंत्र्यावर येते, अशी भूमिका घेतली होती. २०१९ च्या अखेरीस दाखल झालेल्या प्रतिज्ञापत्रांत, अंमलबजावणी यंत्रणांच्या कृतींसाठी महामंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे पदसिद्ध अध्यक्ष असलेल्या जलसंपदा मंत्र्यांना, जबाबदार धरता येणार नाही, अशी जवळपास उलट भूमिका आली. पवार यांनी आरोप सुरुवातीपासून नाकारले होते आणि दोन्ही भूमिकांवर कायद्याच्या अंगाने वाद होऊ शकतो. एकाच विभागाची भूमिका वर्षभरात का बदलली आणि मधल्या काळात कोणता नवा पुरावा समोर आला, हा प्रश्न मात्र प्रत्येक विश्लेषकाने विचारायला हवा होता. या वर्षभरात राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली होती, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका बाजूला सोयीचे नव्हते.

या साऱ्या वादाचा एक तांत्रिक बिंदू आहे. महामंडळाच्या कार्यकारी संचालकाकडून आलेली फाइल सचिवांच्या अभिप्रायाशिवाय थेट मंत्र्यांकडे जाऊ शकते का, आणि गेली तर त्यावरील सहीचा कायदेशीर अर्थ काय? दोन प्रतिज्ञापत्रांतील फरक बऱ्याच अंशी या मुद्द्यापाशी येऊन थांबतो. तो समजायला कायद्याची पदवी लागत नाही. मी एका चर्चेत पाहुणा म्हणून हे सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा निवेदकाने ‘म्हणजे ते दोषी आहेत की नाहीत, एका शब्दात सांगा’ असे म्हटले. न्यायालयाने ठरवायची गोष्ट मी एका शब्दात सांगणार नाही, असे उत्तर दिल्यावर चर्चा दुसऱ्या पाहुण्याकडे गेली.

आपल्याला सुरुवात करायची असेल तर चितळे समितीचा अहवाल वाचावा. तो जून २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. व्यक्तींची फौजदारी जबाबदारी निश्चित करणे हे त्या समितीचे काम नव्हते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा, कारण ‘समितीने कोणाला दोषी धरले नाही’ हे वाक्य वाहिन्यांवर याच अज्ञानातून निर्दोषत्वाच्या अर्थाने फिरत राहिले. त्यानंतर विदर्भातील कामांसाठी वडनेरे समितीचे निष्कर्ष पाहावेत.

निवृत्त अभियंता

वकील महोदयांच्या सूचनेला एक जोड देतो. अहवाल पहिल्या पानापासून वाचण्याऐवजी आपल्या परिसरातील प्रकल्पाचा भाग आधी काढावा आणि त्यातील मान्यतांच्या तारखा एका कागदावर उतरवाव्यात: मूळ मान्यता, निविदा, कार्यादेश, अग्रिम आणि सुप्रमा. ज्या ठिकाणी कार्यादेश आधीचा आणि मान्यता नंतरची दिसेल, तिथे माहितीच्या अधिकारात त्या फाइलवरील टिपण्यांची प्रत मागावी. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्यासाठी आपण हे करणार असाल तर तारखांचा अर्थ लावण्यास मी येथेच मदत करीन.