‘फ्रॅकिंग’ला ‘जलभंजन’ म्हणावं का?

प्रश्न, गुहागर : मार्च २०१८ अखेरीस अमेरिकेतल्या लुइझियानातल्या सबाइन पासहून ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीचं वायूचं जहाज दाभोळ टर्मिनलला लागलं, तेव्हापासून ‘फ्रॅकिंगचा वायू’ हे शब्द इकडेही ऐकू येतात. मराठी मजकुरात त्याला कुठे ‘जलभंजन’, कुठे ‘जलीय विभंजन’ लिहितात. पण जलभंजन तर आटलेल्या बोअरवेलचं करतात. दोन्ही एकच का? टिपणात कुठला शब्द लिहावा?

उत्तर, चिपळूण : युक्ती एकच : पाण्याच्या दाबाने खडकात भेगा पाडायच्या. बाकी सगळं वेगळं.

बोअरचं जलभंजन असं : आधी हातपंप काढून घ्यायचा. केसिंग (बोअरच्या आतला आधाराचा पाइप) संपून पक्का काळा कातळ लागला की तिथे रबरी पॅकर, म्हणजे बोअर बंद करणारं बूच, फुगवून बसवायचा आणि त्याखाली टँकरचं साधं पाणी पंपाने दाबायचं. दाबमापकाचा काटा चढत जातो आणि एकदम खाली येतो. भेग उघडली किंवा तिच्यातला गाळ सुटला, याची ती खूण. पॅकर वरच्या मऊ, झिजलेल्या थरात बसवला तर दाब बाजूने निसटतो आणि टँकर फुकट जातो. खाडीकाठच्या बोअरला तर हा उपाय जपूनच करावा. नवी भेग खाऱ्या पाण्याला जाऊन मिळाली तर वाढलेलं पाणी मचूळच निघणार.

फ्रॅकिंग करतात ते शेल वायूसाठी, म्हणजे शेल नावाच्या गाळाच्या खडकात अडकलेल्या वायूसाठी. त्याची विहीर दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून खोल जाते आणि मग आडवी वळते. केसिंगला ठरावीक टप्प्यांवर भोकं पाडतात आणि एकेका टप्प्यात पाणी, वाळू आणि रसायनं दाबतात. एका विहिरीला एक ते दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं. वाळू भेग मिटू देत नाही, टेकूसारखी आत राहते. रसायनं ‘जेमतेम अर्धा टक्का’ म्हणून सांगतात. एक कोटी लिटरचा अर्धा टक्का म्हणजे ५० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर.

मालवण : मग ‘जलभंजन’ नकोच. ‘जल’ने सुरू होणारा शब्द वाचला की जलसंधारणाच्या पंक्तीतलं काहीतरी चांगलं काम वाटतं. ‘चीर पाडणे’ही आपल्याकडे चालणार नाही, ‘चिरा’ म्हटलं की जांभ्याची खाण आठवते.

चिपळूण : सहमत. पण खरी अडचण शब्द किती व्यापतो याची आहे. वायू कंपन्या ‘फ्रॅकिंग’ म्हणतात ते फक्त दाब देण्याच्या काही दिवसांना. विरोध करणारे लोक विहीर खणण्यापासून सांडपाणी पुरण्यापर्यंत सगळ्याला तेच नाव देतात. म्हणून ‘फ्रॅकिंगने विहिरीचं पाणी बिघडल्याचा पुरावा नाही’ हे वाक्य अरुंद अर्थाने खरं ठरू शकतं आणि शेजारच्या घरच्या नळातून तरीही मिथेन, म्हणजे या वायूतला मुख्य घटक, येऊ शकतो. दीड किलोमीटर खालची भेग वर पिण्याच्या पाण्यापर्यंत सहसा पोचत नाही. केसिंग आणि खडक यांमधलं सिमेंट मात्र नीट भरलं नाही, आकसलं किंवा तडकलं, की वायूला वर यायला वाट मिळते. बिघाड तिथे होतो, आणि त्याला त्या अरुंद अर्थाने कुणी फ्रॅकिंग म्हणत नाही.

दुसरं, परतीचं पाणी. दाब सोडल्यावर आत घातलेल्या पाण्यातलं काही वर येतं, सोबत खडकातलं खारट पाणी आणतं. अमेरिकेतल्या मार्सेलस शेल या खडकातलं हे पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारं असतं. त्यात बेरियम आणि किरणोत्सारी रेडियमही सापडतं. साध्या सांडपाणी प्रक्रियेत एवढं मीठ निघत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते वेगळ्या खोल विहिरीत पुरतात. अमेरिकेच्याच ओक्लाहोमा राज्यातले बरेच भूकंप अशा पुरलेल्या पाण्यामुळे झाले. तिथल्या पॉनीचा २०१६ चा भूकंप ५.८ तीव्रतेचा होता. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळचे धक्के मात्र प्रत्यक्ष दाब देण्याचेच होते. तिथे नोव्हेंबर २०१९ मध्ये हे काम थांबवलं.

मालवण : ‘परतीचं पाणी’ शब्द घेण्यासारखा आहे. परतीचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे अर्थ फोडून सांगावा लागत नाही. फक्त पहिल्याच उल्लेखात ‘परतीचं खारं पाणी’ लिहावं, नाहीतर कुणाला ते शेतीला चालेल असं वाटायचं.

गुहागर : कोकणात कुणी असं काम करील का? वाचणारे हे पहिलं विचारतील.

चिपळूण : इथे जांभा आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक. शेल वायू सेंद्रिय गाळाच्या खडकात तयार होतो. त्यामुळे इथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बोअरचं यंत्र आणि पाण्याचा टँकर दिसला तर ते पाण्याचं जलभंजनच. तुमच्या टिपणात ‘जलभंजन’ फक्त त्यालाच ठेवा. वायूसाठी ‘फ्रॅकिंग’ लिहा, आणि दोष सांगताना नेमका टप्पा सांगा : सिमेंटची गळती, परतीचं खारं पाणी, पुरलेल्या पाण्याचे धक्के. मिथेन हवेत सुटला तर २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरतो, तेव्हा ‘वायुगळती’ असं मोघम न लिहिता ‘मिथेनची गळती’ लिहा.