मदत हवी: कुत्र्याची खाज थांबेना, लस आता द्यावी का?

उंबरठा
आमच्या भुरूला भयंकर खाज सुटलीय. रात्रभर कराकरा खाजवतो, पट्ट्याच्या खुळखुळाटाने घरात कुणाला झोप नाही. शाम्पू बदलला, खाणं बदललं, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गोळ्या चालू असेपर्यंत बरा, संपल्या की पुन्हा तेच. त्यात दवाखान्यातून लशीचा मेसेज आलाय. बहीण म्हणते खाज लशीनेच झालीय, आता अजून टोचू नकोस. लस द्यायची की नाही एवढंच सांगा. खाजेवर लगेच लागू पडेल असं काही असेल तर तेही. प्लीज लवकर.

खवट
वय? जात? कोणती लस, मागची कधी दिली? गोळ्या कोणत्या? खाज अंगावर नेमकी कुठे? सगळं गाळून वर 'लवकर सांगा'. धन्य आहे.

चिंगीची मावशी
अगं डॉक्टरांच्या मागे नको लागूस. खोबरेल तेलात टी ट्री ऑइलचे थेंब घालून चोळ. आमची चिंगी दोन दिवसांत शांत झाली.

निळी शाई
मावशी, टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी असतं हो! अंगाला लावलं की ते चाटणारच. मग थरथरतात, लटपटतात. उंबरठा, कृपा करून हे करू नका.

चिंगीची मावशी
चिंगीला तर काही झालं नाही.

खवट
ते चिंगीचं नशीब.

बिनधास्त बबन
शंभर टक्के चिकनची अ‍ॅलर्जी. चिकन बंद करा, विषय संपला.

निळी शाई
असा नाही संपत. खाण्याची अ‍ॅलर्जी ओळखायची तर किमान ८ आठवडे एकच ठरावीक आहार द्यावा लागतो, मध्ये एक बिस्किटही चालत नाही. आणि खाज गेली तर जुनं खाणं परत देऊन बघायचं, ती परत आली तरच खरं. आधी पिसवा बघा. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाशी विंचरा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू स्वतः दिसेलच असं नाही.

उंबरठा
लॅब्रॅडॉर आहे, चार वर्षांचा. लस रेबीजची. मागची वर्षापूर्वी, तेव्हा काहीच त्रास झाला नव्हता. खाज अलीकडची आहे. गोळ्या प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या. फणी फिरवली, टिश्यू स्वच्छ.

खवट
लस वर्षापूर्वी आणि खाज आत्ताची. बहिणीला म्हणावं गणित पुन्हा मांड.

आडवळण
दरवर्षी टोचणं हा निव्वळ धंदा आहे. रक्तातल्या अँटिबॉडी मोजून घ्या, टायटर टेस्ट म्हणतात. असतील तर लस कशाला?

निळी शाई
अर्धं बरोबर. डिस्टेंपर, पार्व्हो या विषाणूंच्या आजारांच्या लशी पिल्लूपणी नीट पूर्ण झाल्या आणि वर्षभरात बूस्टर झाला, की मोठ्या कुत्र्याला साधारण ३ वर्षांनी पुरतात. पण लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराची दरवर्षीच. रेबीजचं लशीच्या लेबलवर आणि तिथल्या कायद्यावर ठरतं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून जवळजवळ कुणी वाचत नाही, तिथे धंदा-बिंदा काढू नका.

आडवळण
मी रेबीजबद्दल बोललोच नव्हतो.

खवट
धागा रेबीजच्याच लशीचा आहे, साहेब.

झिपरी
अवांतर: आमचा कुत्रा फिरायला नेताना फार ओढतो. छातीवरचा पट्टा बरा की गळ्यातला?

स्टेथोस्कोप
मी पशुवैद्य आहे. न बघता निदान करणार नाही, पण दोन प्रश्न. कानांच्या कडा, कोपरं किंवा पोट इथले केस गेलेत का, खपल्या आहेत का? घरात माणसांना कुणाला खाज आहे का?
लशीची रिअ‍ॅक्शन बहुधा काही मिनिटांत, नाहीतर दिवसभरात दिसते: तोंड सुजणं, अंगावर गांधी, उलट्या, धाप. बऱ्याच महिन्यांनी सुरू झालेली खाज लशीच्या माथी मारता येत नाही.

उंबरठा
कानांच्या कडांना खपल्या आहेत, कोपरांवरचे केस गेलेत. आणि हो, माझ्या हातांवर लाल पुरळ आलंय. मला वाटलं नवीन साबणाने.

खवट
हे आत्ता सांगताय!

स्टेथोस्कोप
मग खरजेचा संशय घ्यायला हवा. कानाची कड दोन बोटांत धरून चोळून बघा. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर संशय वाढतो. ही खरूज सूक्ष्म किड्यांमुळे होते आणि माणसाला लागू शकते. कुत्रा बरा झाला की माणसाचं पुरळ बहुधा आपोआप जातं, तरी स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा.
त्वचा खरवडून तपासल्यावर किडा दिसला नाही तरी खरूज नाही असं ठरत नाही, म्हणून कित्येकदा उपचार करूनच बघतात. प्रेडनिसोलोनने नुसती खाज दबते, किडे तिथेच राहतात, उलट आजार फोफावू शकतो. गोळ्या चालू असतील तर मनाने एकदम तोडू नका.
लशीचं म्हणाल तर थोड्या दिवसांच्या कमी डोसमुळे ती अडेलच असं नाही. पण गोळ्या सांगा, आणि आजारी जनावराला लस द्यायची की आठवडाभर थांबायचं, हे समोर बघणाऱ्याला ठरवू द्या. रद्द मात्र करू नका.

बिनधास्त बबन
खरूज असेल तर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. एका दणक्यात खलास.

निळी शाई
कोलीसारख्या काही जातींत एका जनुकामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचून जीवावर बेततं. लॅबमध्ये तो धोका सहसा नसतो, तरी डोस कोण ठरवणार, तुम्ही? हल्ली खरजेवर चावून खायच्या गोळ्याही मिळतात.

उंबरठा
कान चोळला, पाय लगेच हलायला लागला! दवाखान्यात वेळ घेतलीय, लशीचंही तिथेच विचारते. आमची मनी त्याच्या गादीवरच झोपते, तिलाही न्यायचं का?

खवट
मांजर! अजून कोण आहे घरात, आताच सांगून टाका.

स्टेथोस्कोप
तिलाही दाखवा. जाईपर्यंत दोघांना वेगळं झोपवा, गादी गरम पाण्यात धुवा. आणि कुत्र्याच्या पाठीवर घालायचं औषध मनीला अजिबात लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, मांजराला ते घातक आहे.