मदत हवी आहे: गाडीवर झाडाचा चीक पडलाय, कसा काढायचा?

रानवारा_फोंडा: गाडीवर चीक पडलाय, बॉनेट आणि टप दोन्ही चिकट झालेत, पाण्याने धुतली, शाम्पू लावला, हलत नाही. गाडी भावाची आहे, तो बोटीवर असतो, शनिवारी दाबोळी विमानतळावर उतरतोय आणि त्याच्याआधी मला ती होती तशी करून हवीय. आज बुधवार. कुणी काढला असेल तर लवकर सांगा प्लीज.

गाडीवेडा: झाड कुठलं? गाडीचा रंग? किती दिवस झाले?

सांजवेळ: फडक्यावर पेट्रोल घ्या आणि पुसा. आमच्याकडे म्हापशात वीस वर्षं हेच चालतं.

गाडीवेडा: पेट्रोल नको हो. वॅक्स उतरतं, रबर खराब होतं आणि उन्हात तापलेल्या बॉनेटवर पेट्रोल ओतणं धोक्याचं आहे. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते मऊ फडक्यावर घेऊन डागावर अर्धा मिनिट धरा, मग हलकेच पुसा.

सांजवेळ: वीस वर्षांत एकदाही रंग गेला नाही. ओतायला कोण सांगतंय, फडक्यावर म्हटलंय.

दुधसागर: घरात काजूची फेणी असेल तर तीच लावा, मेडिकलला कशाला जाताय.

गाडीवेडा: फेणीत अल्कोहोल ४२-४३ टक्के, बाकी बहुतेक पाणीच.

रानवारा_फोंडा: झाड आंब्याचं, अंगणातलं मानकुराद. बाजूला फणस पण आहे. गाडी पांढरी, पंधरा दिवस जागची हलली नाही.

कुळागर: मानकुराद मोहरावर आहे ना? मग बॉनेटभर बारीक चिकट ठिपके असतील तर तो चीक नव्हेच. तुडतुडे मोहराचा रस शोषतात आणि गोड पाणी टाकतात, ते खाली ठिबकतं, त्याला आम्ही चिकटा म्हणतो, पुढे त्याच्यावरच काळी बुरशी धरते. खालची पानं तेल लावल्यासारखी चकाकतात का बघा. ही साखर आहे, गार पाण्याने वाळलेली सुटत नाही, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं पसरून ठेवा. पण रबरासारखे जाड गोळे असतील तर ते फणसाचे, त्याला खोबरेल तेल. फणस कापताना हाताला आणि आदोळीला (विळीला) लावतो तेच.

आजोळ: आंब्याची ती फांदीच कापून टाका, दरवर्षीची कटकट जाईल.

कुळागर: मोहरावरच्या झाडाला हात लावायला सांगू नका हो. आणि गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, झाड तोडायचं तर परवानगी लागते.

आजोळ: झाड नाही, फांदी म्हटलं मी.

रानवारा_फोंडा: फांदीचं राहू दे आता. पानं चकाकतायत, खरंच. आणि टपावर चार मोठे तपकिरी गोळे आहेत. आठवलं, गेल्या आठवड्यात आईने भाजीला कोवळा फणस काढून घेतला तेव्हा गाडी खालीच होती. अजून एक सांगायचं राहिलं, बॉनेट मागच्या वर्षी रिपेंट केलंय आणि काल मी ते काथ्याने घासलंय.

गाडीवेडा: अहो हे आधी सांगायचं ना! रिपेंटवर थिनर अजिबात लावू नका, रंगच सुटून येईल. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, केसाएवढासुद्धा जाड नसतो, त्याच्यावर काथ्या? ओरखड्यावरून नख फिरवा. अडकत नसेल तर पॉलिशने जाईल.

सांजवेळ: रिपेंट असेल तर पेट्रोलही नको. हे मी मानतो.

दुधसागर: कोवळ्या फणसाच्या भाजीत तुम्ही चणे घालता का?

रानवारा_फोंडा: गुरुवार रात्र. बॉनेट कोमट पाण्याने सुटलं, फडकं उचललं तर पिवळट पाणी. गोळ्यांवर कापूस तेलात बुडवून अर्धा तास ठेवला, मग बोटाने लोळवत गेलो, कडेपासून दोरीसारखे गुंडाळत आले. तीन पूर्ण निघाले, चौथ्याची फिकट कडा राहिलीय, त्याला उद्या परत तेल. नख अडकत नाही. कुळागर, गाडीवेडा, देव बरें करूं. पॉलिश हाताने करायचं की गॅरेजमध्ये मशीनने, तेवढं उद्या दुपारपर्यंत सांगा. गाडी आता माडाखालीही नाही, रस्त्याच्या कडेला उघड्यावर लावलीय.